मराठी अर्थासह

तिने साठाव्या पानावर पोलादी पट्टी ठेवली आणि बाणाच्या टोकाची डावी रेघ मोजली. साडेतीन मिलिमीटर. मग उजवी. तीन. पान उलटून पुढच्या आकृतीतला बाण मोजला. तेच. छपाईत आकृत्या लहान केल्या होत्या, पण प्रमाण तसंच राहिलं होतं, साताला सहा. एवढ्याशा टोकाच्या दोन रेघा सारख्या न काढणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता आणि त्याच्याशी लग्न होऊन तिला सव्वीस वर्षं झाली होती.

"काय मॅडम, पुस्तकाची नाडी बघताय?"

इंग्रजीचे विभागप्रमुख शिक्षकखोलीच्या दारात उभे होते. बोलताना ते वाक्याच्या मधेच श्वास घ्यायला थांबत, म्हणून मुलं त्यांना कॉमा सर म्हणत आणि आता शिक्षकही म्हणू लागले होते. आदल्या दिवशी शाळेच्या सभागृहात त्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन झालं होतं. निळ्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत नाव होतं, 'काळ आणि धातुसाधितं: इंग्रजी व्याकरण आकृत्यांतून'. त्याखाली त्यांचं स्वतःचं नाव, त्यापुढे तीन पदव्या, आणि तळाशी पिवळ्या पट्टीत दोनच शब्द: मराठी अर्थासह.

"सर, माझी कार्डांची पेटी तुमच्याकडे आहे," ती म्हणाली.

"कुठली हो?"

"बुटांची पेटी. तीनशे बारा कार्डं होती आत. आणि आकृत्यांचे कागद. विभागासाठी टाइप करून ठेवतो म्हणून दोन वर्षांपूर्वी नेलीत तुम्ही."

"अच्छा ती! ती तर, खोल्यांना रंग लावला ना, तेव्हा रद्दीत गेली असणार बघा."

"हे पुस्तक म्हणजे ती पेटी आहे."

कॉमा सर हसले. त्यांनी खुर्ची ओढली, पण ते बसले नाहीत.

"मॅडम, व्याकरण, कुणाच्या बापाचं नसतं. म्हणजे तुमच्या वडिलांना नाही म्हणत मी, एकूणच. आणि आभार मानलेत की. 'सर्व सहकारी' असं लिहिलंय, सुरुवातीलाच. त्यात तुम्ही आलातच."

ते गेले. पलीकडच्या टेबलावर ग्रंथपालबाई शाळेने विकत घेतलेल्या चाळीस प्रतींवर शिक्के मारत होत्या. त्यांनी शिक्का हवेतच धरला.

"तुम्ही मूग गिळून बसणार असाल तर आत्ताच सांगा. चाळीस प्रती आहेत, माझा हात दुखतोय."

"काय करू मग?"

"अर्ज करा. संस्थेचे अध्यक्ष शनिवारी येतात. आणि त्या बाणवाल्याला बरोबर न्या."

ती मूळची विज्ञानाची. तेरा वर्षांपूर्वी नववीला इंग्रजी शिकवणारी बाई लांबच्या रजेवर गेली, ती परतलीच नाही. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी व्याकरणाचे तास हिच्या गळ्यात घातले. विज्ञानवाल्यांना नियम कळतात, म्हणाले. पहिल्या महिन्यात तिच्या लक्षात आलं की मुलांना नियम पाठ आहेत आणि कळलेलं काहीच नाही. 'चालताना', 'संपवून', 'घाबरलेला' असले तुकडे त्यांना इंग्रजीत कुठेही टाकायची सवय होती. कोण चालतंय, कुणी संपवलं, याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. तिने फळ्यावर मराठीतच लिहिलं, 'रस्त्यावरून चालताना झाड पडलं.' मग वर्गाला विचारलं, झाड कुठे निघालं होतं? वर्ग खदखदून हसला. त्या हसण्यातून तिला पद्धत सापडली. वर काळाची आडवी रेघ. होऊन गेलेली क्रिया म्हणजे तिच्यावर एक ठिपका, चालू असलेली क्रिया म्हणजे जाड पट्टा, न झालेली म्हणजे ठिपक्याखाली फुली. कर्ता ही खाली ठोकलेली खुंटी. आणि असा प्रत्येक सुटा तुकडा म्हणजे एक टांगायचा आकडा. तो कुठल्या खुंटीला अडकतो ते बाणाने दाखवायचं. खुंटी सापडली नाही, तर वाक्य चूक.

नियम तिने स्वतःसाठीही एक केला होता. उदाहरणाचं वाक्य खरं असलं पाहिजे. प्रयोगवहीत न घेतलेलं माप लिहायचं नाही, तसंच हे. रोज संध्याकाळी ती दिवसभरातलं काहीतरी उचलून कार्डावर इंग्रजीत लिहायची. नियमाला नेमकी बसणारी कार्डं तेवढी पेटीत राहत. 'तो' आणि 'ती', एवढीच पात्रं. कुलूप लावल्याचं विसरून तो तीनदा जिन्यावरून परत आला. दूध उतू जात असताना ती फोनवर हसत होती. असली वाक्यं मुलांना आवडत. आणि काही वाक्यं दुसरी होती. तीही त्याच पेटीत, क्रमाने. इंग्रजीत लिहिलं की ते तिला आपलं वाटत नसे. ती नुसती नोंद होई. आकृतीसाठी लागे तेवढंच ती नवऱ्याला चिठ्ठीवर देई, क्रमांक अमुक, ठिपका इथे, आकडा डावीकडून. नवरा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. तो जेवणानंतर टेबल पुसून, टोकदार पेन्सिलीने, एकेक आकृती काढून द्यायचा. कार्डं त्याने कधी मागितली नाहीत. तिने कधी दाखवली नाहीत.

घरी येऊन तिने पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं.

"हे बाण बघा बरं. कुणाचे आहेत?"

नवऱ्याने आधी हात धुतले. मग चष्मा काढून भिंग घेतलं. खात्यात आता नकाशे संगणक काढत होता आणि त्याला चार वर्षांपूर्वी तळमजल्यावर जुन्या नकाशांच्या दालनात बसवलं होतं. कुणी मागितला तर गुंडाळी काढून द्यायची आणि वहीत सही घ्यायची, हे काम. महिन्याला दोन गुंडाळ्या निघत. भिंगाखाली बाण आला तशी त्याची मान हळूहळू ताठ झाली.

"माझाच. पाणी ज्या बाजूनं येतं त्या बाजूची रेघ लांब ठेवायची, असं आमचे साहेब शिकवायचे. आता कोण ठेवतंय."

"साहेब म्हणजे तेच ना, तुम्हाला पट्टी म्हणायचे ते?"

"तेच," तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "छपाई बरी केलीय गं. रेघ कुठे फुटली नाही."

तिने त्याला सगळं सांगितलं. पेटी, रंगकाम, 'सर्व सहकारी'. तो ऐकता ऐकता चिडला, हेही बऱ्याच दिवसांनी.

"म्हणजे सरळ चोरी की! सोडायचं नाही. मी येतो. खात्यातली माझी जुनी शीटं दाखवतो, हवी तर तिथं बसून काढून दाखवतो."

तिला बरं वाटलं. ती भाजी चिरायला ओट्याशी वळली. पाठीमागे पानं उलटण्याचा आवाज येत होता. प्रत्येक आकृतीनंतर थोडा थांबत होता. मग एकदा तो मोठ्याने हसला.

"कुलूप लावल्याचं विसरून तो तीनदा जिन्यावरून परत आला! हा माझाच किस्सा दिसतोय."

तिची सुरी थांबली.

इतका वेळ तिच्या डोक्यात फक्त बाण होते. इंग्रजी वाक्याखाली जाड ठशात छापलेली मराठी ओळ तिने पाहिली होती आणि हे तेवढं कॉमा सरांचं स्वतःचं, एवढंच मनात म्हणून सोडून दिली होती. खरं तर ते काम त्यांनी चांगलं केलं होतं. सरळ, बोलल्यासारखं मराठी. कुणालाही वाचावंसं वाटेल असं.

पान उलटलं. पुन्हा उलटलं. आता मधे हसणं नव्हतं.

तिने वळून पाहिलं नाही. पानं कुठवर आली असतील याचा ती अंदाज घेत राहिली. एका पानावर साधारण चार वाक्यं. ती बोलत असताना तो वर्तमानपत्र वाचत होता. हे पन्नासच्या आसपास. तिच्याकडे न बघता त्याने ताट पुढे सरकवलं. नव्वदीत. दोन वर्षांपासून ते एकत्र कुठेही गेलेले नाहीत. एकशे वीस. भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मराठी ओळी ठळक होत्या, त्यांना भिंग लागत नव्हतं.

एकशे बेचाळीस आणि एकशे त्रेचाळीस एकाच पानावर होती. त्याची वाट पाहत तिने स्वतःच फॉर्मवर सही केली. आणि त्याखाली, साध्या भूतकाळाचं नकारार्थी रूप म्हणून, पुस्तकातलं सगळ्यात लहान वाक्य. तो आला नाही.

त्याला अकरा वर्षं झाली. ती एकोणचाळीसची होती, सहावा महिना होता. शाळेच्या प्रयोगशाळेतच तिच्या पोटात कळ आली. रुग्णालयातून तिने त्याच्या कचेरीत फोन लावला. निघतोच, म्हणाला. डॉक्टरांनी तासभर थांबून पाहिलं, मग म्हणाले, आता थांबता येणार नाही, सही लागेल. संध्याकाळी उशिरा तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मोठ्या नळाची जोडणी फुटली होती, साहेबांनी सोडलं नाही, म्हणाला. तिने मान हलवली. त्या दोघांत त्या दिवसाबद्दल झालेलं बोलणं तेवढंच. पंधरा दिवसांनी ती शाळेत परतली आणि नववीला नकारार्थी रूपं शिकवायची होती.

"हे मराठी कुणी लिहिलंय?" नवऱ्याने विचारलं.

"सरांनी."

"आणि इंग्रजी?"

"मी."

"सगळं?"

ती सुरीची धार अंगठ्याने पुसत राहिली.

"सगळं."

मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"शनिवारी किती वाजता जायचंय?" तो म्हणाला.

तिने अर्ज प्रयोगाच्या नोंदीसारखा लिहिला होता. उद्देश, साहित्य, निरीक्षणं, निष्कर्ष. निरीक्षणांत बाणांची मापं होती, एकवीस बाणांची. आणि शेवटचा मुद्दा असा होता की या पुस्तकातलं प्रत्येक वाक्य माझ्या घरात प्रत्यक्ष घडलेलं आहे. खोटं वाक्य मी शिकवत नाही, हे गेल्या तेरा वर्षांतले माझे विद्यार्थी सांगतील. हा मुद्दा तिने नवऱ्याने पुस्तक वाचण्याआधी शाळेतच लिहिला होता आणि अर्ज त्याच दुपारी देऊन टाकला होता. पुढचे तीन दिवस घरात दोघं एकमेकांशी जरा जास्तच नीट वागली. तो दूध आणायला स्वतःहून गेला. तिने त्याचा शर्ट इस्त्री केला. तिने आपल्याबद्दल किती बरं लिहिलंय किंवा किती वाईट, यातलं काहीच तो बोलला नाही आणि तो येणार हे नक्की होतं, म्हणून तिनेही विषय काढला नाही.

अध्यक्षांचा स्वतःचा सळया आणि सिमेंटचा धंदा होता. शाळेच्या भानगडी ते शनिवारी अकरा ते एक या वेळात मिटवत. त्यांनी अर्ज बोटाने ओळ धरून वाचला. समोर तीन खुर्च्या होत्या. एका टोकाला कॉमा सर, मधे ती, पलीकडे इस्त्रीच्या शर्टात नवरा.

"बाण मोजलेत तुम्ही?" अध्यक्षांनी वर पाहिलं. "एकवीस?"

"हो."

"आमच्याकडे सळयासुद्धा इतक्या कुणी मोजत नाही." ते नवऱ्याकडे वळले. "तुम्ही काढलेत म्हणता. काढून दाखवा."

त्यांनी स्वतःचं कोरं पॅड पुढे केलं. नवऱ्याने खिशातून पेन्सिल काढली. पट्टी नको म्हणाला. एक आडवी रेघ, तीन ठिपके, खुंटी, आकडा, बाण. हात एकदाही थांबला नाही. अध्यक्षांनी कागद पुस्तकाशेजारी धरला आणि नुसतं "वा" म्हणाले. नवऱ्याचे कान लाल झाले.

"सर, बोला आता."

कॉमा सरांनी घसा साफ केला.

"आकृत्या, यांच्या असतील. मी कुठे नाही म्हणतो? मला मॅडमनी दिल्या, मी समजलो, शाळेच्याच आहेत. पुढच्या आवृत्तीत नाव टाकू, आनंदानं टाकू. पण वाक्यं, ती मी जमवली. पंचवीस वर्षं शिकवतोय, तीनशे वाक्यं काय, स्वप्नातसुद्धा सुचतात."

"मॅडम म्हणतात, त्यांच्या घरातली आहेत."

"अहो, कुलूप लावून विसरणं, दूध उतू जाणं, कुणाच्या घरात होत नाही? माझ्या बायकोनं वाचलं, तर तिला वाटेल, तिच्यावरच लिहिलंय."

अध्यक्ष हसले. मग पुन्हा अर्जावर बोट ठेवलं.

"खोटं वाक्य शिकवत नाही, असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे यात एखादं खोटं निघालं, तर ते तुमचं नाही, असं समजायचं का?" ते अर्धवट चेष्टेतच विचारत होते.

"हो," ती म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. "एकही निघणार नाही."

"मग साक्षीदार तर इथंच बसलेत. काय हो, तुमच्या घरातली ना ही वाक्यं? वाचलंत ना पुस्तक?"

नवऱ्याने पेन्सिल खिशात ठेवली. ती नीट बसली की नाही ते चाचपून पाहिलं.

"वाचलं," तो म्हणाला. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"मग?"

"माझी बायको खरं असेल तेच लिहिते. त्या बाबतीत ती फार कडक आहे. घरातसुद्धा." तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. "एकशे त्रेचाळीस नंबरचं वाक्य खोटं आहे."

अध्यक्षांनी पानं चाळली. "तो आला नाही," त्यांनी वाचलं. "एवढंच?"

"आला होता."

कॉमा सरांनी तोंड उघडलं आणि शहाणपणाने मिटलं. कुठे गेला होता, कधी, कुणाकडे, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. मराठी मात्र त्यांनीच लिहिलं होतं.

ती नवऱ्याकडे बघत राहिली. कानामागे न्हाव्याने सोडलेले दोन पांढरे केस होते. ते तिला आज सकाळी दिसले नव्हते. तो वळून तिच्याकडे बघेल, असं तिला वाटलं. त्याने पाहिलं नाही.

"मॅडम?" अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही सांगा. वाक्य खरं की खोटं?"

खरं म्हटलं असतं, तर पुस्तक तिचं होतं आणि इस्त्रीच्या शर्टातला माणूस चार लोकांत खोटारडा ठरत होता. खोटं म्हटलं असतं, तर अर्जाच्या शेवटी सहीसकट केलेल्या तिच्याच विधानाने पुस्तक तिचं राहत नव्हतं. पण तिला थांबवलं ते या दोन्ही गोष्टींनी नाही. आपण त्या दिवशी रुग्णालयात जिन्याच्या दिशेचं एकच दार पाहत होतो, हे तिला आठवलं. एकाच दाराचं निरीक्षण. आणि त्यावरून निष्कर्ष.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि अर्ज उलटा ठेवला.

"तुम्हालाच माहीत नाही म्हटल्यावर मी काय करणार? आकृत्यांना यांचं नाव टाका, सर. हा विषय संपला."

बाहेर पडून दोघं फाटकापर्यंत आली. रस्त्याच्या कडेला कुणीतरी खोदकाम करून माती तशीच टाकली होती. त्याने सवयीने आत डोकावून नळ पाहिला.

"कुठे होतात?" तिने विचारलं.

"मागच्या दाराशी. कपडे धुवायला नेणाऱ्या गाड्या लागतात तिथं."

"किती वेळ?"

"तासभर. जास्तच असेल."

"वर का नाही आलात?"

तो खड्ड्याकडेच बघत होता.

"आलो असतो तर सही मला करावी लागली असती."

मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली. दोघं बाजूला झाली, तो एका बाजूला, ती दुसऱ्या.

"मग वाक्य खोटं कसं?" ती म्हणाली.

"आलो होतो की." त्याचा आवाज चढला. "पायऱ्यांपर्यंत आलो होतो. अकरा वर्षं मी विचार करतोय, तू विचारशील. आणि तू काय केलंस? पोरांना शिकवलंस! दरवर्षी! मी इकडे रेघ मारतोय आणि तू चिठ्ठीवर लिहून देतेस, ठिपका इथं, खाली फुली. ती फुली मी काढलीय माझ्या हातानं. मला काय माहीत, ती कशाची आहे?"

"तुम्ही नळ फुटला म्हणालात."

"म्हणालो."

"मी ते खरं मानलं."

"खरं मानलंस तर पेटीत कशाला घातलंस?"

याचं उत्तर रस्त्यात उभं राहून द्यायचं नव्हतं. मागच्या दाराची गोष्ट आज सुचलेली की अकरा वर्षं जुनी, हेही कळायला काही मार्ग नव्हता. त्या दाराशी दुसरं कुणीच नव्हतं, तो होता तर तो एकटाच होता. तिला एवढं मात्र दिसत होतं की त्याच्या गळ्याशी शीर उडत होती. घाम आला होता, आणि अध्यक्षांच्या 'वा'चा लाल रंग कानांवरून अजून पुरता उतरला नव्हता.

"जेवायला काय करायचं?" त्याने थोड्या वेळाने विचारलं.

"काहीही," ती म्हणाली.

दुसरी आवृत्ती शाळा सुरू होताना आली. आतल्या पानावर 'आकृत्या' या शब्दापुढे नवऱ्याचं पूर्ण नाव होतं. त्याला मिळालेली प्रत त्याने कचेरीत नेली आणि तळमजल्यावरच्या दालनात टेबलावर ठेवली. गुंडाळी मागायला येणाऱ्यांना ती दिसे. कुणी हातात घेतलीच, तर तो फक्त आकृत्यांची पानं उघडून देई. घरी त्या पुस्तकाचा विषय निघाला नाही. ग्रंथपालबाई काही दिवस तिच्याशी फुरंगटून होत्या. "एवढं हातातोंडाशी आलेलं घालवलंत," म्हणाल्या, मग त्याही विसरल्या. कॉमा सरांनी मात्र तिच्याशी फार चांगलं वागायला सुरुवात केली. समोर दिसले की दार धरून उभे राहत. नव्या वर्षात नववीच्या व्याकरणाला त्यांचंच पुस्तक लागलं आणि शिकवायला तीच.

रोज संध्याकाळी कार्ड लिहायची सवय गेली. पहिले काही दिवस तिचा हात भाजीनंतर आपोआप पेनाकडे जाई. मग तोही शिकला.

तिसऱ्या आठवड्यात वर्ग नकारार्थी रूपांवर आला. खिडकीकडच्या रांगेतली, वेण्या सुटलेली एक मुलगी उभी राहून वाचत होती. आधी इंग्रजी, मग मराठी, असा तिचा क्रम होता. तिने फॉर्मवरच्या सहीचं वाक्य वाचलं, त्याखालचं छोटं वाक्य वाचलं आणि खाली बसली नाही.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"तो का नाही आला?"

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. "अगं, उदाहरण आहे ते," शेजारची कुजबुजली. पण ती मुलगी उभीच राहिली. पुस्तकात बोट घालून, खरंच उत्तराची वाट पाहत. आजवर त्या वाक्याला काळ विचारला होता, कर्ता विचारला होता, रूप चालवायला सांगितलं होतं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तिने टेबलावरचा खडू उचलला आणि पुन्हा होता तिथे ठेवला.

"पुस्तकात दिलेलं नाही," ती म्हणाली. "पुढचं वाक्य वाच."